व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी बदली व्हॉल्व्ह कसा निवडावा

गोव्यात जुन्या घरांच्या सालीत, म्हणजे दिवाणखान्यात, अजूनही रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकत्र असलेली पेटी) सापडतात. काही तारवटींनी (बोटीवरच्या खलाशांनी) परदेशातून आणलेले, काही पोर्तुगीज काळात दुकानातून घेतलेले. शिवाय गेल्या काही वर्षांत नवे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे आवाजवर्धक, घेणारे लोकही पणजी-मडगावात दिसू लागले आहेत. दोघांचा प्रश्न सहसा एकच असतो: कुठला व्हॉल्व्ह चांगला? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो अर्धाच विचारलेला आहे. चांगला म्हणजे कुठल्या जागेवर चांगला, हे आधी ठरवावं लागतं. ॲम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्हच्या चार जागा असतात: आवाजाचा बारीक सिग्नल पहिल्यांदा घेणारी इनपुटची, सिग्नलचे दोन उलट भाग करणारी फेज स्प्लिटरची (असल्यास), स्पीकर हलवणारी आउटपुटची आणि (असल्यास) एसीचा डीसी करणारी रेक्टिफायरची. प्रत्येक जागेची मागणी वेगळी आहे. नाव, देश, सोनेरी पिन, जुना माल ही चर्चा त्यानंतरची. पुढचे शब्द कळावेत म्हणून एवढं लक्षात ठेवा: व्हॉल्व्हच्या आत हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये करंट वाहतो, आणि मधली ग्रिड तो कमी-जास्त करते.

आधी दोष व्हॉल्व्हचाच आहे का ते पाहा

नवे व्हॉल्व्ह मागवून बसवले आणि तक्रार तशीच राहिली, असं फार वेळा होतं. म्हणून खर्चाआधी एक चाचणी करा. ॲम्प बंद करा, व्हॉल्व्ह थंड होऊ द्या, आणि डाव्या चॅनेलचा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे असे एकाच प्रकारचे व्हॉल्व्ह आपसात बदला. खरखर व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष व्हॉल्व्हचा. खरखर जागेवरच राहिली तर दोष सॉकेटचा, प्लेटच्या रेझिस्टरचा किंवा कपलिंग कपॅसिटरचा (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणाऱ्या कपॅसिटरचा). एका वेळी एकच जोडी बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. आउटपुटचे व्हॉल्व्ह असे फिरवले तर बायस (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारं ग्रिडचं व्होल्टेज) लगेच पुन्हा मोजावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

दोन्ही चॅनेलमध्ये सारखीच घरघर येत असेल तर व्हॉल्व्हवर संशय घेऊ नका. ती बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या वाळलेल्या फिल्टर कपॅसिटरची असते.

काचेच्या आत वर किंवा बाजूला चंदेरी आरशासारखा डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. आत उरलेला वायू शोषून घेणं हे त्याचं काम. हा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला तडा जाऊन हवा आत शिरली आहे. तो व्हॉल्व्ह संपला, त्याला ॲम्पमध्ये लावून पाहूही नका. डागाच्या कडा तपकिरी होऊन तो आकसत चालला असेल तर व्हॉल्व्ह बराच वापरलेला आहे. आउटपुट व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. पण कॅथोड आणि प्लेटच्या मधल्या जागेत जांभळट धुकं दिसलं तर आत वायू आहे, तो बदला.

इनपुटच्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून किंचित टक् आला तर चालेल. टण्ण असा घुमणारा आवाज आला किंवा शिट्टी सुरू झाली, तर आतले भाग सैल झाले आहेत. याला मायक्रोफोनिक होणं म्हणतात.

आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालभडक दिसू लागली तर पहिल्या काही सेकंदांत ॲम्प बंद करा. हा दोष व्हॉल्व्हचा असेलच असं नाही. ग्रिडवरचा उणे बायस नाहीसा झाला असेल किंवा कपलिंग कपॅसिटर गळत असेल, तर नवा व्हॉल्व्हही तसाच लाल होऊन जाईल. ईएल३४, केटी८८, ६एल६ यांची ग्रिड पाच नंबरच्या पिनवर असते. व्हॉल्व्ह काढून, ॲम्प चालू करून सॉकेटच्या त्या पिनवर डीसी व्होल्टेज मोजा. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये (जिथे ग्रिडला उणे व्होल्टेज वेगळं पुरवलेलं असतं) सर्व आउटपुट सॉकेटांवर जवळपास सारखं उणे व्होल्टेज मिळायला हवं. एकावर ते शून्याकडे सरकलेलं असेल तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर आधी बदला. लाल प्लेटची घटना एकदा घडून गेली असेल तर स्क्रीन ग्रिडचा (पहिल्या ग्रिडनंतरच्या दुसऱ्या ग्रिडचा) आणि कॅथोडचा रेझिस्टरही मोजून घ्या, ते बहुधा भाजलेले असतात. आणि फ्यूज उडत असेल म्हणून जास्त अँपियरचा कधीही टाकू नका. पुढचा बळी आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा जातो, आणि तो व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी महाग पडतो.

हे सगळं मोजताना आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. प्लग काढा, १० किलोओहम १० वॉटचा रेझिस्टर क्लिपच्या वायरने मुख्य कपॅसिटरवर दहा-पंधरा सेकंद लावा, मग मीटरने १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. चालू ॲम्पमध्ये मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने चॅसीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) लावून ठेवा आणि एकच हात आत जाऊ द्या. हे करण्याची सवय नसेल तर मोजमापाचं काम जाणकार मेकॅनिककडेच द्या. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नका, हाही नियम पाळा.

नावातली अक्षरं हीटर सांगतात

व्हॉल्व्हवरचा नंबर नीट वाचता आला तर निम्म्या चुका टळतात. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर हीटरबद्दल असतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पी म्हणजे ३०० मिलिअँपियर, टीव्हीमधल्या एकामागोमाग जोडलेल्या हीटरांसाठी. यू म्हणजे १०० मिलिअँपियर, थेट मेनवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरविना रेडिओंसाठी. पुढची अक्षरं आतली रचना सांगतात: सी म्हणजे ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेला), सीसी म्हणजे दोन ट्रायोड, एफ म्हणजे सिग्नलचा पेंटोड (तीन ग्रिडांचा), एल म्हणजे आउटपुटचा पेंटोड, झेड म्हणजे फुल वेव्ह रेक्टिफायर. त्यामुळे ईसीएल८२ मागितल्यावर कोणी पीसीएल८२ पुढे केला तर काय बिघडेल ते कळतं. आतली रचना तीच, पण त्याच्या हीटरला १६ व्होल्ट लागतात. ६.३ व्होल्टवर तो नीट तापणारच नाही. जुन्या टीव्हींचे पीसीएल व्हॉल्व्ह भंगारात स्वस्तात मिळतात, म्हणून ही अदलाबदल नेहमी होते.

अमेरिकी पद्धतीत पहिला आकडा हीटरचं व्होल्टेज सांगतो: ५यू४ला ५ व्होल्ट, ६एल६ला ६.३, १२एएक्स७ला १२.६. मात्र १२एएक्स७चा हीटर मधोमध फोडलेला असतो. ४ आणि ५ या पिना एकत्र जोडून ९ नंबरशी वापरला तर तो ६.३ व्होल्टवरही चालतो. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच. १२एटी७ म्हणजे ईसीसी८१, १२एयू७ म्हणजे ईसीसी८२, ६बीक्यू५ म्हणजे ईएल८४.

सॉकेटमध्ये बसतो म्हणून चालतो, असं समजू नका. या तिन्ही छोट्या व्हॉल्व्हच्या पिना सारख्या आहेत, पण ईसीसी८३चं प्रवर्धन साधारण १००, ईसीसी८१चं ६० आणि ईसीसी८२चं १७ ते २०. त्याहून मोठा फरक करंटचा आहे. ईसीसी८३ एक-दीड मिलिअँपियरवर काम करतो, बाकीचे दोघे १० पर्यंत. सर्किटमधले रेझिस्टर एकासाठी मोजलेले असतात. तिथे दुसरा बसवला तर आवाज येईल, पण विकृती वाढेल. गेन (एकूण वाढ) जास्त वाटत असेल आणि व्हॉल्यूमची चावी थोडी फिरवताच आवाज अंगावर येत असेल, तर ईसीसी८३च्या जागी ५७५१ हा योग्य पर्याय आहे. त्याचं प्रवर्धन ७० आहे, म्हणजे सुमारे ३ डेसिबल कमी.

रशियन ६एन२पी हा ईसीसी८३सारखा म्हणून विकला जातो. प्रवर्धन खरोखर १००च्या आसपास आहे, पण त्याचा हीटर फक्त ६.३ व्होल्टचा आणि ४-५ पिनांवरच, ९ नंबरवर आतला पडदा. सॉकेटची जोडणी बदलल्याशिवाय तो लावता येत नाही. ईसीसी८८ म्हणजेच ६डीजे८ची गोष्ट तीच. शिवाय त्याच्या प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट आहे. २५० व्होल्टच्या सर्किटमध्ये तो फार टिकत नाही. जास्त व्होल्टेज सहन करणारा त्याचा भाऊ ई८८सीसी, म्हणजे ६९२२.

आउटपुटमध्ये हीच चूक महागात पडते. ६एल६जीसीचा हीटर ०.९ अँपियर घेतो, ईएल३४चा १.५. चार व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ६एल६ काढून ईएल३४ लावले तर ट्रान्सफॉर्मरवर २.४ अँपियरचा जादा भार पडतो. शिवाय ईएल३४ची सप्रेसर ग्रिड, म्हणजे तिसरी ग्रिड, एक नंबरच्या पिनवर असते आणि ती कॅथोडला, म्हणजे ८ नंबरला, जोडलेली लागते. ६एल६च्या ॲम्पमध्ये ती पिन रिकामी असते किंवा कारखान्याने तिच्यावर भलतीच वायर टेकवलेली असते. केटी८८चा हीटर १.६ अँपियर घेतो आणि त्याला ईएल३४पेक्षा जास्त उणे बायस लागतो. ॲम्पच्या बायसची चावी तिथपर्यंत पोचत नसेल तर प्लेट लाल होणार. 'मोठा नंबर म्हणजे मोठा आवाज' ही समजूत सोडून द्या. वॉट हे आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय ठरवतात.

चार जागा, चार मागण्या

इनपुटला हवा शांत व्हॉल्व्ह: फुसफुस कमी, मायक्रोफोनिक नसलेला. इथला बारीक आवाज पुढे शेकडो पटींनी वाढतो, विशेषतः रेकॉर्ड प्लेयरच्या फोनो स्टेजमध्ये. 'लो नॉइज' म्हणून निवडलेल्या एकाच व्हॉल्व्हला जास्त पैसे द्यायचे असतील तर ते याच जागी द्या.

फेज स्प्लिटरला हवेत दोन्ही ट्रायोड सारखे असलेले व्हॉल्व्ह, म्हणजे 'बॅलन्स्ड'. इथे फुसफुशीची चिंता नाही. पण बऱ्याच सर्किटांत इथला कॅथोड शंभर व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर असतो, आणि हीटर शून्य व्होल्टच्या जवळ. ईसीसी८३साठी हीटर आणि कॅथोडमधली मर्यादा १८० व्होल्ट आहे. त्यामुळे ज्या व्हॉल्व्हचं इन्सुलेशन कमजोर, तो या जागेवर घरघरू लागतो, तर इनपुटला तोच छान चालतो. इनपुटला मायक्रोफोनिक ठरलेला व्हॉल्व्ह इथे बिनतक्रार चालतो, म्हणून तो फेकू नका.

आउटपुटला पुश-पुल ॲम्पमध्ये (जिथे दोन व्हॉल्व्ह सिग्नलच्या उलट भागांवर जोडीने काम करतात) जुळवलेली जोडी लागते. कारण ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या गुंडाळ्यांतून दोन व्हॉल्व्हचा करंट उलट दिशांनी वाहतो. करंट सारखा असेल तर चुंबकत्व एकमेकांना खोडतं, आणि पॉवर सप्लायची घरघरही खोडली जाते. एकाचा ३० आणि दुसऱ्याचा ४५ मिलिअँपियर असेल तर ट्रान्सफॉर्मरचं लोखंड एका बाजूच्या चुंबकत्वाने आधीच भरून जातं. बास पोकळ होतो, घरघर वाढते. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला हे अजिबात सोसत नाही. विक्रेत्याकडून ५ टक्क्यांच्या आत जुळवलेली जोडी मागा. दोन्ही चॅनेलना मिळून बायसची एकच चावी असेल तर चारही व्हॉल्व्ह एकत्र जुळवलेले हवेत. प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळी चावी असेल तर एवढा हट्ट लागत नाही. जोडीतला एक गेला तर दोन्ही बदला. सिंगल एंडेड ॲम्पमध्ये, म्हणजे जिथे आउटपुटला जोडी नसते, जुळवण्याची गरज नसते, डावा-उजवा आवाज साधारण सारखा आला की झालं.

रेक्टिफायरवर सगळ्यांत कमी लक्ष जातं, पण नुकसान तिथूनही होतं. जीझेड३४ म्हणजेच ५एआर४ हीटरला १.९ अँपियर घेतो आणि स्वतःवर थोडंच व्होल्टेज, १७ व्होल्टच्या आसपास, खातो. ५यू४ला ३ अँपियर लागतात आणि तो ४० व्होल्टहून जास्त खातो. जीझेड३४च्या जागी ५यू४ लावला तर ५ व्होल्टच्या गुंडाळीवर भार येतो. उलट ५वाय३च्या जागी जीझेड३४ लावला तर सगळ्या ॲम्पचं व्होल्टेज वर जातं आणि जुने कपॅसिटर फुटतात. फिल्टरचा पहिला कपॅसिटरही मोठा करू नका. जीझेड३४ची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे, ५वाय३ची २०च्या आसपास. मोठा कपॅसिटर चालू करतानाच जास्त करंट ओढतो आणि रेक्टिफायरमध्ये ठिणगी पडते.

नावांबद्दल एवढं पुरे: आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. स्लोव्हाकियातल्या चाड्त्साचे जेजे, रशियातल्या सारातोव्हचे (सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टुंग-सोल, गोल्ड लायन आणि आजचे मुलार्ड ही सगळी नावं तिथूनच निघतात) आणि चीनचे. आजचं मुलार्ड आणि इंग्लंडच्या ब्लॅकबर्न कारखान्यातलं जुनं मुलार्ड यांत नावापलीकडे नातं नाही. किंमत ठरवताना हे विसरू नका. आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बेलने, भारतीय रेडिओंसाठी भरपूर व्हॉल्व्ह बनवले, आणि ते अजून जुन्या दुकानांच्या कपाटांत सापडतात. चांगल्या अवस्थेतला बेलचा ईएल८४ परदेशी नावापुढे कमीपणा मानण्यासारखा नाही. जुन्या टेलिफुन्केन छोट्या व्हॉल्व्हच्या तळाला, पिनांच्या मध्ये, काचेत उमटलेला हिऱ्याचा आकार असतो. छपाई खोटी करता येते, हा आकार सहसा नाही. जुन्या काचेवर कोरी करकरीत छपाई दिसली तर शंका घ्या.

जुना माल घेताना 'टेस्ट केलेला आहे' एवढ्यावर विसंबू नका. कुठल्या यंत्रावर, किती प्लेट व्होल्टेजला आणि किती करंट आला हे विचारा. गेटरचा आणि पिनांचा फोटो मागा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणी आणून देणार असेल तर त्याला हेच प्रश्न लिहून द्या.

बसवणं आणि बायस लावणं

व्हॉल्व्ह हातात आल्यावर काचेत, विशेषतः पिनांच्या मुळाशी, तडा आहे का ते पाहा. मीटरने हीटर तपासा: ईसीसी८३ची ४-५ पिन, ईएल३४ची २-७. थोडे ओहम यायला हवेत, उघडं दाखवलं तर परत करा. नऊ पिनांचा छोटा व्हॉल्व्ह सरळ खाली दाबा आणि काढताना सरळ वर ओढा. डावीकडे-उजवीकडे हलवत काढला की पिनेच्या मुळाशी काच तडकते. ऑक्टल (आठ पिनांच्या मोठ्या) व्हॉल्व्हच्या बुडाचा मधला खुंटा मोडलेला असेल तर तो वापरू नका. चुकीच्या दिशेने बसला तर ४०० व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात.

बायस म्हणजे नळाची चावी किती उघडी ठेवायची ते. कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये हे आपोआप होतं, तिथे चावी नसते. फिक्स्ड बायसमध्ये हिशोब असा: ईएल३४ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॉट उष्णता सोसते. एबी वर्गात (पुश-पुल ॲम्पच्या नेहमीच्या पद्धतीत) त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत जा, म्हणजे १७.५ वॉट. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४३०, म्हणजे सुमारे ४० मिलिअँपियर. कॅथोडवर मोजताना त्यात स्क्रीनचा करंटही मिसळलेला असतो, म्हणून कॅथोडवर ४० ठेवलेत तर प्लेटचा ३६च्या आसपास राहतो. हा सुरक्षित आकडा आहे. कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर असेल तर ४० मिलिअँपियरला मीटर ४०० मिलिव्होल्ट दाखवतो. १ ओहमचा असेल तर ४० मिलिव्होल्ट.

नवे व्हॉल्व्ह लावण्याआधी बायसची चावी जास्तीत जास्त उणेकडे फिरवा. पहिल्यांदा चालू करताना पिवळ्या बल्बच्या सिरीज बोर्डावरून (ज्यात मेन आणि ॲम्पच्या मध्ये बल्ब एकामागोमाग जोडलेला असतो) करा. बल्ब भडक पेटून तसाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे. सगळं ठीक असेल तर थेट मेनवर लावून हळूहळू बायस वाढवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, आणि काही तास वाजवून झाल्यावर तिसऱ्यांदा. नव्या व्हॉल्व्हचा करंट पहिल्या दिवसांत सरकतो. एक चावी फिरवली की दुसऱ्या व्हॉल्व्हचा आकडाही थोडा बदलतो, म्हणून फेरी दोनदा करा.

१९५९ साली आलेल्या डायनाको एसटी-७० या ॲम्पचं उदाहरण बोलकं आहे. तिथे दोन ईएल३४ मिळून १५.६ ओहमच्या एका रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट ठेवायला सांगितले आहेत, म्हणजे जोडीला १०० आणि एकेकाला ५० मिलिअँपियर. हे आजच्या व्हॉल्व्हसाठी कडक आहे. १.२ ते १.३ व्होल्टवर आवाजात फारसा फरक पडत नाही आणि व्हॉल्व्ह जास्त जगतात. आउटपुट व्हॉल्व्हचं आयुष्य साधारण दोन ते पाच हजार तास धरा. रोज तीन तास वाजवणाऱ्याला म्हणजे पावणेदोन-दोन वर्षं ते साडेचार वर्षं. छोटे सिग्नलचे व्हॉल्व्ह त्याहून कितीतरी जास्त टिकतात. ते उगाच दरवर्षी बदलू नका.

गोव्याची हवा आणि वीज

किनाऱ्याजवळच्या घरात खाऱ्या हवेने सॉकेटचे संपर्क काळवंडतात, आणि 'व्हॉल्व्ह खरखरतो' अशी निम्मी तक्रार तिथली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश घेऊन प्रत्येक भोक साफ करा, पूर्ण वाळू द्या, आणि सैल झालेले संपर्क बारीक सुईने आवळा. अर्थात प्लग काढून आणि कपॅसिटर रिकामे करून. व्हॉल्व्हच्या पिनाही पुसा. सोनेरी पिना काळवंडत नाहीत हे खरं, पण सॉकेट साधा असेल तर फायदा अर्धाच.

जून ते सप्टेंबर ॲम्प बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर चालवलात तर आतली ओल निघून जाते. सॉकेटवर साचलेली ओलसर धूळ ग्रिडपर्यंत गळती करते आणि बायस डळमळतो. राखीव व्हॉल्व्ह सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. वरचा जाळीचा पिंजरा काढून ठेवण्याची हौस अनेकांना असते, पण उबेला येणारी पाल एकदा आउटपुट सॉकेटवर आडवी पडली की व्हॉल्व्हही जातो आणि पालही.

वीजपुरवठा नावाला २३० व्होल्ट असतो, घरात तो संध्याकाळी वेगळा आणि मध्यरात्री वेगळा. जुन्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टवर लावलेला असेल आणि घरात २४० येत असतील तर ६.३ व्होल्टच्या हीटरला जवळजवळ ६.९ मिळतात, आणि प्लेटचं व्होल्टेजही ९ टक्के वाढतं. व्हॉल्व्ह अकाली जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. हीटरच्या पिनांवर एसी व्होल्टेज मोजा: ६.० ते ६.६ असेल तर चांगलं. जास्त असेल आणि मागच्या बाजूला २४०ची सोय असेल तर ती निवडा. सोय नसेल तर १२ व्होल्ट ५ अँपियरच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी उलट्या दिशेने मेनशी एकामागोमाग जोडून १२ व्होल्ट कमी करता येतात. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बंद करून घ्या. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर व्हॉल्व्ह ॲम्प चालवू नका: ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, आणि साध्या मल्टिमीटरवर दिसणारं व्होल्टेज तिथे खरं नसतं. मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवा.

राखीव म्हणून एक तपासलेला ईसीसी८३, जुळवलेली एक आउटपुट जोडी आणि योग्य अँपियरचे चार-पाच फ्यूज एवढं पुरतं. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर तोही एक. जोडीच्या डब्यावर खरेदीचा महिना आणि मोजलेला करंट पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी त्याच करंटची जोडी मागता येईल.